शेजारणीचं विरजण आणि आमचा टिंकू

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ओटा पुसून, दुधाला विरजण लावून मी मागचं दार लावायला गेले, तर अंगणात आमचा टिंकू पाय उचलून नुसता उभा! एकदा नळापाशी, एकदा जांबाच्या झाडापाशी, एकदा कुंपणापाशी. पाच मिनिटं गेली, दहा गेली, पण थेंब नाही. तुळशीकडे फिरकायचं नाही हा धडा तो पिल्लू असतानाच शिकला होता. त्या रात्री तोही विसरला आणि वृंदावनापाशी जाऊन कुंथू लागला. मग माझ्याकडे बघून असा काही कण्हला, की माझ्या पोटात गोळाच आला.

ह्यांना उठवलं, मुलं जागी झाली. मानोऱ्यासारख्या गावात इतक्या रात्री गुरांचे डॉक्टर फोनवर मिळाले हेच नशीब. ते म्हणाले, "वहिनी, पोट हलकेच दाबून बघा. टणक लागतंय? मग सकाळची वाट बघू नका. अकोल्याला न्या." मंगरुळपीरवरून अकोल्याचा तो रस्ता आम्ही कसा काटला ते आमचं आम्हालाच ठाऊक. धाकट्याच्या मांडीवर टिंकूचं डोकं आणि पोराच्या डोळ्यांना धार.

तिथे एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसेना. सोनोग्राफी केली तेव्हा कळलं. मुतखडा! मूत्राशयात वाळूसारखी कच आणि बाहेरच्या नळीत अडकलेला एक खडा. साडेचार वर्षांच्या, धडधाकट, पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके मिरवणाऱ्या कुत्र्याला मुतखडा!

"डाल्मेशियन ना?" तिथले डॉक्टर म्हणाले. "मग ह्यात नवल नाही. हा दोष त्याच्या जातीतच आहे."

जातीतच आहे! मैत्रिणींनो, ते एक वाक्य माझ्या मनात असं रुतून बसलं, की पुढे कितीतरी दिवस मी त्याचाच पाठपुरावा केला. डॉक्टरांना विचारलं, थोरलीला इंग्रजीतलं वाचून अर्थ सांगायला लावलं. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे. कारण आपल्या घरांतून आता कुत्री येतात ती राखणीपेक्षा हौसेला आणि मुलांच्या हट्टाला. आणि त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं शेवटी येतं कोणाच्या वाट्याला? आपल्याच ना!

कागदवाला कुत्रा

टिंकू आमच्याकडे आला २०१६ च्या दिवाळीत. ठिपक्यांच्या कुत्र्यांचा तो प्रसिद्ध सिनेमा मुलांनी टीव्हीवर पाहिला आणि घरात एकच धोशा सुरू झाला. आमचं कृषी केंद्र; त्या वर्षी हंगाम बरा गेलेला. ह्यांनी एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून पिल्लू आणलं आणि त्याच्याबरोबर एक कागदही आणला. कागदावर पिल्लाचे आईबाप, आजे, पणजे सगळ्यांची भारदस्त नावं. ह्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "हे बघा, अगदी शुद्ध आहे!"

सासूबाईंना काही ते पटलं नाही. "एवढ्या पैशात दोन बकऱ्या आल्या असत्या वो! अन् कुत्र्याले कायचा कागद?"

विक्रेत्याने जाताना सल्ला दिला होता की केस चमकदार हवे असतील तर आठवड्यातून तीनदा कलेजी घाला. आम्ही माळकरी नसलो तरी मांसाहार घरात क्वचितच. तरीही मी नाक दाबून त्या कुत्र्यासाठी कलेजी शिजवत आले. नेमकं तेच त्याच्या जिवावर उठलं, हे मला अकोल्याच्या त्या खोलीत कळलं!

टिंकूचं ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर एका दुपारी मी तो कागद काढून पहिल्यांदा नीट वाचला. वाचता वाचता थबकले. बापाच्या बाजूच्या आज्याचं नाव आणि आईच्या बाजूच्या आज्याचं नाव एकच! म्हणजे टिंकूचे आईबाप एकाच बापाची लेकरं. सासूबाईंना सांगितलं तर त्या पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "अवं माय! भाऊ-बहीनच का वो हे? अन् त्याचा कागद करून ठेवला!"

दोष जातीत शिरतो कसा?

कुत्री माणसाजवळ हजारो वर्षं आहेत, पण 'शुद्ध जात' ही कल्पना आजच्या अर्थाने फार जुनी नाही. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. कुत्र्यांच्या जातींच्या नोंदवह्या सुरू झाल्या आणि नियम ठरला, की ज्याचे आईबाप वहीत, त्याचंच नाव वहीत. हळूहळू बाहेरच्या रक्ताला दार बंद झालं. त्यातही प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एखाद्या नराला मागणी फार. मग अर्ध्या गावाचा बाप एकच, अशी गत. जातीत कुत्री हजारो, पण त्या सगळ्यांचे पूर्वज मूठभर.

आपल्या विदर्भात सिकलसेलचं नाव ठाऊक नसलेली बाई विरळा. आई वाहक, बाप वाहक, दोघंही हिंडतीफिरती. पण दोघांकडचा सदोष जनुक एकाच मुलात एकत्र आला, की ते लेकरू जन्मभर दुखणं भोगतं. म्हणूनच लग्नाआधी रक्त तपासा असं सांगतात. कुत्र्यांच्या पुष्कळशा आनुवंशिक आजारांचं गणित हेच आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही बिघडलेल्या आल्या की संपलं. आणि नात्यातल्या नात्यातच सोयरिकी होत राहिल्या, तर तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याचा संभव वाढत जातो.

डाल्मेशियनच्या बाबतीत तर हे टोकाला गेलं. जातिवंत म्हणून नोंदलेल्या साऱ्या डाल्मेशियनांत त्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्याच होत्या! चांगली प्रत जातीत शिल्लकच नव्हती. असं मानलं जातं, की ठळक, गोल, सुबक ठिपक्यांची पिल्लं निवडता निवडता त्या ठिपक्यांच्या जनुकाशेजारचा हा सदोष जनुकही न कळत निवडला गेला. ठिपके देखणे झाले आणि लघवी बिघडली.

बिघडतं ते काय? मांसात, विशेषतः कलेजीसारख्या भागात, प्युरीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. त्याचं अंगात युरिक अ‍ॅसिड होतं. आपल्या घरातल्या एखाद्या काकांचा पायाचा अंगठा सुजतो ना, तेच हे! इतर कुत्र्यांचं यकृत युरिक अ‍ॅसिडपासून पाण्यात सहज विरघळणारं दुसरं द्रव्य करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. डाल्मेशियनच्या यकृतात कारखाना ठीक असतो, पण कारखान्याचं फाटकच बंद. युरिक अ‍ॅसिड आत जाऊ शकत नाही. मग ते लघवीत उतरतं, साचतं आणि त्याचे खडे होतात. सगळ्यांनाच खडा होतो असं नाही. पण नराची नळी अरुंद, म्हणून तोच जास्त अडकतो. आणि हे खडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत.

शेजारणीचं विरजण

आता हा दोष काढायचा कसा? जातीतल्या जातीत कितीही निवडून जोड्या लावल्या तरी उपयोग नव्हता, कारण चांगली प्रत कोणाकडेच नव्हती. हे आपल्याला स्वयंपाकघरात कळतं. आपलंच विरजण आपण रोज लावत राहतो. कधीतरी ते बिघडतं, दही तार धरू लागतं, आंबूस लागतं. मग त्याच दह्याचं कितीही विरजण लावा, दुसऱ्या दिवशी तार येणारच. शेवटी आपण वाटी घेऊन शेजारी जातो. चमचाभर विरजण तिचं, बाकी दूध आपलंच. आणि घरात पुन्हा घट्ट, गोड दही लागतं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच केलं. ते स्वतः डाल्मेशियन पाळणारे. त्यांनी डाल्मेशियनची जोडी पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी लावली. पॉइंटर हा शिकारी कुत्रा, बांध्याने डाल्मेशियनच्या जवळचा, आणि त्याच्याकडे त्या जनुकाची प्रत चांगली. बाहेरचं रक्त घेतलं ते एवढंच, एकदाच! त्यांच्या पिल्लांपैकी ज्यांना चांगली प्रत मिळाली, ती मोठी झाल्यावर पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच जोडली. दर पिढीला लघवी तपासायची, युरिक अ‍ॅसिड कमी असलेली पिल्लं निवडायची आणि पुन्हा डाल्मेशियनशी जोडायची.

जुन्या हिशेबाने सांगते. रुपयात पॉइंटरचा वाटा पहिल्या पिढीत आठ आणे, दुसरीत चार आणे, तिसरीत दोन, चौथीत एक आणि पाचवीत जेमतेम अर्धा आणा. बाकी सारा डाल्मेशियन. सुरुवातीच्या पिल्लांचे ठिपके बारीक, फिकट होते. पुढे तेही ठळक झाले. पण ती चांगली प्रत मात्र दर पिढीत निम्म्या पिल्लांना मिळत राहिली. ती पाव-निमपाव होत नाही, एक तर पूर्ण येते नाही तर येत नाही. खुबी आहे ती इथे!

तीस वर्षं कागद अडला

तुम्हाला वाटेल, एवढं सोपं औषध सापडल्यावर लोकांनी पेढे वाटले असतील. छे! १९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने पाचव्या पिढीतली अशी दोन कुत्री डाल्मेशियन म्हणून नोंदवून घेतली. तेवढ्यावरून गदारोळ उठला. "ही शुद्ध नाहीत!" डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्याच मंडळाने १९८४ साली विरोधात मत दिलं आणि पुढची नोंदणी थांबली. काही हट्टी माणसांनी मात्र कागदाशिवाय ते काम पिढ्यानपिढ्या चालू ठेवलं.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सदोष जनुक नेमका शोधून काढला. मग पिल्लाच्या लाळेवरूनही तपासणी होऊ लागली, वादाला जागा उरली नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१० मध्ये या वंशातली कुत्री स्वीकारली, अमेरिकेने २०११ मध्ये. म्हणजे १९८१ पासून धरलं तर पुरी तीस वर्षं. तेवढ्या काळात जगभरात किती टिंकू रात्री अंगणात कुंथत उभे राहिले असतील, मनात आलं की वाईट वाटतं.

असंच इतरही जातींचं आहे. नॉर्वेत लुंडेहुंड नावाची सहा बोटांची, कड्याकपारींतून पक्षी धरणारी जात आहे. कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या साथीने ती इतकी मेली, की १९६० च्या दशकात सहाच कुत्री उरली, तीही बहुतेक एकाच आईची. आजची सारी त्यांचीच संतती, आणि आतड्याच्या दुखण्याने बेजार. तिथल्या लोकांनी २०१४ पासून जवळच्या दुसऱ्या जातींशी विचारपूर्वक संकर सुरू केला. त्याच नॉर्वेत गोड चेहऱ्याच्या कॅव्हॅलियर स्पॅनियल जातीचा खटला कोर्टात गेला. ह्या जातीचं हृदय कमकुवत, आणि कवटी मेंदूला अपुरी पडते. २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कुत्र्यांची आतल्या आत पैदास करणं हा प्राणिकल्याणाच्या कायद्याचा भंग आहे. दुसऱ्या जातीशी गंभीरपणे, नियोजनाने संकर करण्याची वाट मात्र मोकळी ठेवली.

गाय संकरित चालते, कुत्रा का नाही?

हे सगळं मी घरात सांगितलं तेव्हा ह्यांनी हात झटकले. "म्हणजे भेसळच की!" मी म्हटलं, "अहो, तुम्ही दुकानात विकता काय?" १९७० साली सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस तयार केला आणि तेव्हापासून आपल्या भागात 'हायब्रिड' हा शब्द पोराटोरांच्या तोंडी झाला. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ संस्था काढून संकरित गाई घरोघर पोचवल्या. गाय संकरित म्हटली की किंमत वाढते आणि कुत्रा संकरित म्हटला की नाक मुरडायचं, हा कुठला न्याय?

सासूबाईंनी त्यात आपली भर घातली. "गावचा वळू दर दोन-तीन सालानं बदलतेत. तोच ठेवला तं कालवडी त्याच्याच लेकी असतेत नं! हे तं आमच्या बापालेबी मालूम होतं."

खरंच, आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. आमच्या शेतावर निंदणाला येणारी एक म्हातारी आहे. मानोरा तालुका म्हणजे पोहरादेवीचा तालुका. संत सेवालाल महाराजांच्या समाधीला रामनवमीला देशभरचे बंजारे इथे लोटतात. ही बाईही जवळच्याच तांड्यावरची. तिची सून तिला 'याडी' म्हणजे आई म्हणते, म्हणून आम्हीही याडीच म्हणतो. तिला विचारलं, तुमच्या तांड्यात कुत्र्यांचं कसं करता? ती हसली. "आमच्या कुत्रीची पिल्लं दुसऱ्या तांड्यात देतो बाई, तिकडचं पिल्लू इकडं आणतो. घरचं घरात ठेवलं तर किडकिडं निपजतं." वही नाही, कागद नाही, पण शायबलसाहेबांचं सूत्र तिला तोंडपाठ!

शुद्ध जातीला मी नावं ठेवत नाही. आपली स्वतःची देखणी जात आहे की! दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जिला कारवानी म्हणतात, तीच उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या नावानेही प्रसिद्ध आहेत. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्यांना नावारूपाला आणलं. २००५ साली टपाल खात्याने ज्या चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ आहे. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांच्यासाठी कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्रही आहे. या जाती टिकल्या त्या पळण्यावर आणि काटकपणावर पारखून. आता त्यांनाही मागणी येते आहे, कागद येतो आहे. परक्या जातींची जी गत झाली ती त्यांची होऊ नये, एवढंच वाटतं.

टिंकूची सोयरीक

२०२१ च्या दिवाळीत त्या विक्रेत्याचा फोन आला. त्याच्याकडे एक 'शुद्ध' मादी होती, जोडी लावू या म्हणाला. सात-आठ पिल्लं होतील, निम्मी तुमची, हातोहात विकली जातील. चौकशी केली तर ती टिंकूच्या सख्ख्या बहिणीची मुलगी निघाली.

खोटं कशाला सांगू? घरात दोन दिवस ऊहापोह झाला. त्या साली सोयाबीन पावसात गेलं होतं. पैशाची निकड होती. धाकट्याला तर टिंकूचं पिल्लू हवंच होतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "ती पिल्लं आपण कोणाला विकणार? अशाच कुणाच्या तरी घरी, जिथे एखादं पोर त्यांना मांडीवर घेऊन रात्री दवाखाना शोधत फिरेल?" हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन करून नाही म्हणून सांगितलं. टिंकूची नसबंदी करायचंही ठरलं, डॉक्टरांनी तारीख दिली.

आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी टिंकू शेतावरून गायब झाला! तिन्हीसांजेला चिखलाने माखून, मोठ्या ऐटीत परत आला. काय झालं ते दोन महिन्यांनी याडीनेच येऊन सांगितलं. तिच्या पिवळ्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती. आम्ही सगळे बघायला गेलो. पिल्लं आईसारखी पिवळी, छाती आणि पाय तेवढे पांढरे, आणि त्या पांढऱ्यावर शाई झटकल्यासारखे बारीक बारीक शिंतोडे! सासूबाई खुदकन हसल्या. "बापानं सही केली वो!"

डॉक्टरांना विचारलं, यांनाही खडे होतील का? ते म्हणाले, "आईकडची चांगली प्रत पाचही जणांना मिळालेली असणार. बापाचा तो दोष यांना बाधणार नाही." डोंगराएवढं ओझं उतरलं. दोन पिल्लं तांड्यावर राहिली, दोन ओळखीच्या घरी गेली, एक आमच्याकडे आलं. याडीच्या कुत्रीची आणि टिंकूचीही नसबंदी मग आम्हीच करून घेतली, कारण अशी आपसूक झालेली पिल्लं दर वेळी घरी पोचतात असं नाही. बहुतेक रस्त्यावरच मरतात.

संकर म्हणजे जादू नव्हे

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या लेखाचा भलताच अर्थ निघायचा. कुठल्याही दोन जाती एकत्र केल्या की पिल्लू निरोगी, असं मुळीच नाही. दोन्ही घरचं विरजण नासकं असेल, तर दही कुठून लागणार? लॅब्राडॉर आणि पूडल या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. तो न तपासता त्यांचा संकर केला तर पिल्लंही लंगडी निघू शकतात. ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरन यांनी १९८९ साली हाच संकर एका अंध बाईच्या गरजेसाठी केला होता. पुढे लोकांनी पैशासाठी वाटेल त्या जोड्या लावल्या, तेव्हा आपण हे केलं याचा त्यांनाच पश्चात्ताप झाला.

शिवाय हायब्रिडचं बी दुसऱ्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, हे आपल्या घरच्या माणसांना विचारा. तसंच संकराच्या पिल्लांचं. म्हणून शायबल यांच्या कामात मोल आहे ते एका संकराला नव्हे, तर त्यानंतरच्या तपासणीला आणि चिकाटीला.

कुत्रं घरी आणताना

घरात पिल्लाचा हट्ट सुरू झाला असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

१. कागद मिळाला तर फाइलला लावू नका, आधी वाचा. आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच तेच नाव येत असेल तर ते पिल्लू घेऊ नका.

२. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा. ती कशी चालते, कशी श्वास घेते, अंगावर चट्टे आहेत का ते बघा. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

३. कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला २०१७ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. नोंदणी विचारायला लाजू नका. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

४. ज्या जातीचं पिल्लू हवं, तिचे जातिगत आजार कोणते हे आधी आपल्या गुरांच्या डॉक्टरांना विचारा. आईबापांची तपासणी झाली आहे का ते विक्रेत्याला विचारा.

५. चपट्या नाकाचे पग आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात धापा टाकून बेजार होतात. जाहिरातीत गोड दिसतात म्हणून आणू नका.

६. घरी डाल्मेशियन असेलच, तर कलेजी, गुर्दे वर्ज्य. भात, अंडं, ताक-दही चालतं; पण रोजचा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा. पाणी भरपूर, जेवणही पातळसर. लघवीला पुन्हा पुन्हा बाहेर नेण्याचा आळस करू नका.

७. कुठलंही कुत्रं लघवीसाठी कुंथतंय, थेंब थेंब होतंय, रक्त दिसतंय, तर घरगुती उपाय करत बसू नका. लघवी पूर्ण अडली तर जीव जायला फार वेळ लागत नाही.

८. आजारी कुत्र्याची पैदास करू नका, मग कागद कितीही मोठा असो.

९. आणि गावठी पिल्लाला कमी लेखू नका! लशी वेळेवर द्या, जंताचं औषध द्या. आपल्या हवेत वाढलेलं, चहूकडचं रक्त असलेलं ते पोर पुष्कळदा साऱ्यांत काटक निघतं.

गळ्यातली चिठ्ठी

छत्तीसगढमध्ये बालोद जिल्ह्यात खपरी गावी कुकुरदेव नावाचं कुत्र्याचं देऊळ आहे. त्याची आख्यायिका अशी सांगतात. एका बंजाऱ्याने अडचणीत आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने चोरीचा माल दाखवून दिला. खूश होऊन सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला घरी पाठवलं. मालकाला वाटलं, कुत्रा पळून आला. रागाच्या भरात त्याने त्याला मारलं आणि मग गळ्यातली चिठ्ठी वाचली.

ही गोष्ट मला याडीने सांगितली ती टिंकू गेला त्यानंतर. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो. शेजारच्या मुलाला सांगून गेलो होतो, पण दुपारी कधीतरी पाण्याचं भांडं पालथं झालं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. रात्री परतलो तर टिंकू कोपऱ्यात निपचित. या वेळी अकोल्याला पोचायच्या आतच सारं आटोपलं. दोष जातीचा खरा. पण भांडं भिंतीच्या आधाराने ठेवायला हवं होतं, ही रुखरुख माझी मला आहे.

मलाही वाटतं, टिंकूच्या गळ्यातली चिठ्ठी आम्ही उशिरा वाचली. ती सातबाऱ्याच्या फायलीत पहिल्या दिवसापासून होती.

त्याचा लेक भुऱ्या आता चार वर्षांचा होईल. पिवळा, दणकट, पायांवर शिंतोडे. कागद नाही. रोज सकाळी कुंपणापाशी जातो, ऐटीत पाय वर करतो आणि सर्रकन मोकळा होऊन येतो. मी ओट्यापाशी चहा टाकता टाकता खिडकीतून तेवढं बघते आणि मगच माझा दिवस सुरू होतो.